नाडी: आधी बोटांनी, मग मोबाइलवर

आरोग्याच्या तासाला डिजिटल साधन वापरायचं म्हटलं की बहुतेक शाळांत स्मार्ट टीव्हीवर व्हिडिओ लागतो. पडद्यावर हृदय धडधडतं, मुलं बघतात आणि विसरतात, कारण ते हृदय त्यांचं नसतं. शिक्षकांच्या साध्या मोबाइलवर मात्र मुलांना स्वतःच्या हृदयाचं काम दिसू शकतं. सातवी-आठवीच्या वर्गात हा तास कसा घेता येईल ते पाहू.

सुरुवात मोबाइलने करायची नाही. मुलांना शांत बसवून मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, तर्जनी आणि मधलं बोट हलकं ठेवायला सांगावं. नाडी बघायला अंगठा लावू नये. अंगठ्याची स्वतःची नाडी मध्येच लागते आणि मोजणी चुकते. तीस सेकंद मोजायचं, दुप्पट करायचं, आकडा वहीत लिहायचा. या वयात तो मिनिटाला साधारण 60 ते 100 च्या आसपास येतो.

आता मोबाइल. कॅमेऱ्याने नाडी मोजणारी ॲप मोफत मिळतात. त्यांतलं फक्त कॅमेऱ्याची परवानगी मागणारं घ्यावं. फ्लॅश आणि कॅमेरा दोन्ही झाकले जातील असं बोटाचं पेर ठेवायचं. फ्लॅशचा उजेड बोटात शिरतो आणि विखरून कॅमेऱ्यात परततो. हृदय आकुंचन पावलं की बोटातलं रक्त किंचित वाढतं, ते जास्त उजेड शोषतं आणि चित्र जरासं काळवंडतं. रक्त ओसरलं की पुन्हा उजळतं. डोळ्यांना हा फरक सहसा कळत नाही, पण कॅमेरा सेकंदाला सुमारे 30 चित्रं घेतो आणि ॲप प्रत्येक चित्राचा उजळपणा मोजून त्याची रेघ काढतं. दोन शिखरांत पाऊण सेकंद असेल, तर नाडी मिनिटाला 80.

ही युक्ती जुनी आहे. बोटातून जाणाऱ्या उजेडावरून रक्तप्रवाह टिपण्याचं काम अल्रिक हर्ट्झमन यांनी अमेरिकेत 1930च्या दशकात केलं होतं. करोनात आशाताई घरोघरी घेऊन फिरल्या तो ऑक्सिमीटरही याच तत्त्वावर चालतो. त्यात लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश असतात, म्हणून तो रक्तातला ऑक्सिजनही सांगतो.

रेघ नीट येत नसेल, तर बहुधा बोट जोरात दाबलेलं असतं. दाबाने रक्त बाजूला सरतं आणि लाटच नाहीशी होते. हे मुलांना मुद्दाम करून दाखवावं; रेघ रक्ताची आहे हे याहून चांगलं कशानेच पटत नाही. फ्लॅश तापतो, तेव्हा अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ बोट ठेवू नये.

मग मुलांना सावकाश खोल श्वास घ्यायला सांगावं. अनेकांच्या रेघेवर श्वास घेताना शिखरं जवळ येतात, सोडताना लांब जातात. पाहणारा घाबरतो, पण निरोगी मुलांत हे नेहमीचं आहे. यानंतर दोरीवरच्या उड्या मारून पुन्हा नाडी मोजायची आणि ती मूळ आकड्यावर यायला किती वेळ लागतो ते लिहायचं. रोज मैदानावर खेळणाऱ्याची नाडी सहसा लवकर उतरते. खेळाने शरीरात काय बदलतं, हे सांगायला मग वेगळं भाषण लागत नाही. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलाला उड्या मारायला लावू नये. त्याने वेळ नोंदवावी.

आकडे फळ्यावर लिहायचे तर नावांशिवाय. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नयेत. मुलाची नाडी हा त्याचा खाजगी मामला आहे. शिवाय ॲप निदान करत नाही. एखाद्याची नाडी शांत बसूनही वारंवार फार जलद लागली, किंवा उड्यांनंतर त्याला चक्कर आली, तर पालकांना एकांतात गाठून सांगावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक शाळेत येतं, त्यातल्या डॉक्टरांच्या कानावरही हे जरूर घालावं.