घास अडतो तेव्हा: ऑपरेशनआधीची औषधं

घास अडकू लागला, तरी माणूस आधी पित्ताची गोळी घेतो. निपाणीच्या तंबाखूपट्ट्याला लागून असलेल्या कोल्हापुरात तरी हे दुखणं अंगावर काढू नये. तंबाखू हे अन्ननलिकेच्या कर्करोगाचं मोठं कारण. गाठ वाढलेली, पण काढता येण्याजोगी असेल तर बहुधा ऑपरेशनआधी केमो देतात. औषधं दोन की तीन? आपल्याकडेही जास्त आढळणाऱ्या स्क्वॅमस प्रकारच्या ६०१ रुग्णांवर जपानने हे ताडून पाहिलं. सिस्प्लॅटिन आणि फ्लुरोयुरॅसिलच्या जोडीवर तीन वर्षांनी ६२.६ टक्के हयात होते. त्यात डोसिटॅक्सेल मिळवल्यावर ७२.१. जोडीसोबत किरणोपचार घेतलेल्यांत ६८.३, पण तो फरक ठोस ठरला नाही. तिसऱ्या औषधाने पांढऱ्या पेशी मात्र फार घटतात. पेजेवर दिवस काढून खंगलेल्याला ते झेपेलच असं नाही.