जेम्स डॉगने आणलेले चेंडू

एप्रिल १४९७. स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याच्या खजिनदाराच्या हिशेबात एक नोंद आहे : राजासाठी फुटबॉल विकत आणायला जेम्स डॉग याला दोन शिलिंग दिले. सामना कुठे झाला, कोण जिंकलं, राजा स्वतः मैदानात उतरला की कडेला उभा राहून पाहत होता, याबद्दल पुढे एक अक्षर नाही. कारकुनाला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. पैसे कोणाला दिले, कशासाठी दिले, किती दिले, इतकं लिहून तो पुढच्या रकमेकडे वळला.

जुन्या खर्चाच्या वह्यांचं मला कॉलेजपासून वेड आहे. बखरीत राजे लढतात. खर्चाच्या वहीत ते जेवतात, कपडे शिवून घेतात, आजारी पडतात, पत्त्यांत हरतात. स्कॉटिश खजिनदारांच्या हिशेबांचा पहिला खंड थॉमस डिक्सन यांनी संपादित करून १८७७ मध्ये छापला. त्यात १४७३ ते १४९८ पर्यंतच्या नोंदी आहेत. फुटबॉलची ती नोंद मी त्यातच वाचली आणि जेम्स डॉग हे नाव डोक्यात घर करून बसलं. नणंदेचं बिऱ्हाड ग्लासगोला असल्यामुळे घरात कधीतरी स्कॉटलंडला जायचं ठरत होतंच. लेक शाळेच्या संघात गोलरक्षक, तिला फुटबॉलशी संबंध असलेलं काहीतरी हवं होतं. सासूबाईंचं माहेर येवल्याचं, मागाच्या आवाजात वाढलेल्या त्या. त्यांना तिकडचं विणकाम पाहायचं होतं. मला किल्ला हवा होता. तिघींचं एकाच ठिकाणी भागेल अशी जागा त्या देशात एकच होती, स्टर्लिंग.

वॉलेस, ब्रूस, १२९७ चा पूल, १३१४ चं बॅनकबर्न हे वाचकांना ठाऊक आहे, निदान वॉलेसवरच्या सिनेमामुळे तरी. ग्लासगोचं हॅम्पडन पार्क आणि तिथलं फुटबॉल संग्रहालयही मी इथे भरभर ओलांडते. एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. १९३६ साली कोलकात्याच्या मोहम्मद सलीमने सेल्टिक क्लबच्या संघातून बूट न घालता, पायांना पट्ट्या गुंडाळून ग्लासगोकरांसमोर खेळ केला होता. लेकीला ही हकीकत तिच्या आतेभावाकडून कळली, आपल्याकडच्या कुणाकडून नाही. ड्युरँड चषकाचं पहिलं वर्ष १८८८, जागा सिमला, आणि अंतिम सामन्यातले दोन्ही संघ स्कॉटिश पलटणींचे होते, हेही आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. आपल्या फुटबॉलचं घराणं शोधायचं तर वाट या डोंगराळ देशातून जाते.

आता त्या दोन शिलिंगांकडे. त्यांचं महत्त्व कळायला कायदे पाहावे लागतात. चौथ्या जेम्सचा पणजोबा पहिला जेम्स याने १४२४ मध्ये फुटबॉलवर बंदी घातली आणि खेळणाऱ्याला चार पेन्सचा दंड ठेवला. दुसऱ्या जेम्सने १४५७ मध्ये फुटबॉलबरोबर गोल्फही बंद केला. कारण उघड होतं : इंग्लंडशी कायमचं वैर, आणि इंग्रजांचे तिरंदाज भारी. तरुणांनी सुट्टीच्या दिवशी चेंडूमागे न धावता धनुष्य ओढायला शिकावं, ही राज्याची निकड होती. १४९१ मध्ये पुन्हा बंदी आली, आणि या वेळी सिंहासनावर आपला चौथा जेम्सच होता. सहा वर्षांनी त्याच्याच खजिन्यातून फुटबॉलचे पैसे गेले. गोल्फचंही तसंच. सप्टेंबर १५०२ मध्ये त्याने गोल्फच्या काठ्या घेतल्या, त्या पर्थ शहरातल्या धनुष्य बनवणाऱ्या कारागिराकडून, चौदा शिलिंगांना. ज्या हातांनी कायद्याप्रमाणे धनुष्यं घडवायची, त्याच हातांकडून राजाने खेळाच्या काठ्या घडवून घेतल्या. मला यात राजाचा ढोंगीपणा दिसत नाही. कायदा सभेत होतो आणि खेळ अंगात असतो. चार पिढ्यांना तीच बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागली, यातच लोक काय करत होते ते आलं.

आणि जेम्स डॉग? हा राजाच्या जामदारखान्यातला माणूस. कपडे, कापड, पडदे, बिछाने यांचा सांभाळ आणि बाजारातून लागेल ते आणणं, हे त्याचं काम. पुढे १५०३ मध्ये इंग्लंडची राजकन्या मार्गारेट ट्यूडर, वयाच्या तेराव्या वर्षी, या राजाशी लग्न करून आली. डॉग तिच्या जामदारखान्याचा रखवालदार झाला आणि तिथेच त्याची गाठ विल्यम डनबार या कवीशी पडली.

डनबार हा दरबारातला सर्वांत तिखट लेखणीचा माणूस. सालीना तनखा १५०० मध्ये दहा पौंड, १५०७ मध्ये वीस, १५१० मध्ये ऐंशी. पण सगळ्या काळात तक्रार एकच, मला पुरत नाही. एकदा राणीने त्याला अंगरखा देण्याचा हुकूम केला. कवी राणीची खूण घेऊन जामदारखान्यात गेला आणि डॉगने त्याला दारातूनच उडवून लावलं. डनबारने काय करावं? कविता लिहिली आणि थेट राणीला उद्देशून लिहिली. डॉग या आडनावावर कोटी करून त्याने त्या बिचाऱ्याला भुंकणारा, अंगावर येणारा, राणीच्या महालात शोभत नाही असा आडदांड कुत्रा ठरवलं. दरबारात ती वाचली गेली असणार, हशा पिकला असणार. मग दुसरी कविता आली. तिच्यात सूर पूर्ण बदललेला : हा कुत्रा नव्हेच, हा तर कोकरू आहे. अंगरखा मिळाल्याखेरीज कवीचं मत इतकं बदललं नसेल, असं बहुतेक अभ्यासक धरून चालतात. पण त्या दुसऱ्या कवितेतही डनबार स्वस्थ बसत नाही. डॉगची बायको कशी कजाग आहे आणि तिला कशी अद्दल घडली पाहिजे, हे तो सांगून टाकतो.

डनबार वाङ्मयाच्या इतिहासात अजरामर झाला, तो योग्यच आहे. तरी या भांडणात मी डॉगच्या बाजूची आहे. जामदारखान्याचा माणूस म्हणजे प्रत्येक वार कापडाचा जाब द्यावा लागणारा माणूस. राणीने खुशीने दिलेल्या शब्दाचा हिशेब शेवटी त्याच्याच वहीत चुकणार. कवींना दारात अडवणाऱ्यांचं कधीच भलं लिहिलं जात नाही, आणि त्यांची बाजू मांडायला त्यांच्याकडे कविता नसते. डॉगकडे फक्त हिशेब होता. त्या हिशेबात त्याने राजासाठी फुटबॉल आणल्याचं लिहिलेलं आहे, आणि माझ्या दृष्टीने ती ओळ डनबारच्या दोन्ही कवितांना पुरून उरते.

त्याने आणलेले चेंडू राहिले नाहीत. पण स्टर्लिंगच्या किल्ल्यात साधारण चाळीस वर्षांनंतरचा एक चेंडू राहिला. पाचव्या जेम्सने १५४० च्या सुमारास फ्रान्सहून आलेल्या राणीसाठी, मारी द गीझसाठी, किल्ल्यात नवा राजवाडा बांधला. पुढे किल्ला सैन्याकडे गेला आणि १९६४ पर्यंत पलटणींच्या ताब्यात होता. सैन्य गेल्यावर दुरुस्ती निघाली, तेव्हा राणीच्या दालनाच्या छतात, तुळयांच्या मागे, एक चामडी चेंडू अडकलेला सापडला. आत डुकराचं मूत्राशय फुगवून भरलेलं, वर जाड कातड्याचे तुकडे हाताने शिवलेले. व्यास १४ ते १६ सेंटिमीटर. आजचा चेंडू २२ च्या आसपास असतो. जगात टिकून राहिलेला सर्वांत जुना फुटबॉल म्हणून तो ओळखला जातो.

तो किल्ल्यात नाही. खाली गावात, डंबार्टन रोडवरच्या स्टर्लिंग स्मिथ संग्रहालयात आहे. थॉमस स्टुअर्ट स्मिथ या चित्रकाराने मृत्युपत्राने ठेवलेल्या पैशांतून १८७४ मध्ये ही संस्था उभी राहिली. लेक त्या काचेसमोर बराच वेळ उभी होती. तिचा पहिला प्रश्न खेळाडूचा होता : हा उसळायचा का? मूत्राशय नीट फुगलेलं असलं तर उसळायचा, पण भिजला की जड व्हायचा. दुसरा प्रश्न अवघड होता : तो तुळयांत गेला कसा? काही जण म्हणतात, अशुभ टाळण्यासाठी मुद्दाम ठेवला. मला ते पटत नाही. राजवाडा बांधून होत होता, छत उघडं होतं, आणि गवंडी-सुतार असतात तिथे पोरं असतात. कुणीतरी जोरात लाथ मारली आणि चेंडू वर गेला तो गेला. लेकीचंही तेच मत पडलं. मैदानाशेजारच्या इमारतीवर तिचे चेंडू गेलेले आहेत.

या लहानशा चेंडूचा एक साक्षीदारही आहे. त्याच राणीची मुलगी मेरी. तिचा ९ सप्टेंबर १५४३ रोजी याच किल्ल्यात राज्याभिषेक झाला तेव्हा ती नऊ महिन्यांची होती. १५६८ मध्ये राज्य गमावून ती इंग्लंडमध्ये आश्रयाला गेली आणि नजरकैदेत पडली. जूनमध्ये कार्लाइलच्या किल्ल्याबाहेर तिच्या सेवकांपैकी वीस जणांनी तिच्यासमोर दोन तास फुटबॉल खेळला. तिच्यावर देखरेख करणारा इंग्रज सरदार फ्रान्सिस नोलिस याने वरिष्ठांना कळवलं, की खेळ जोरदार, चपळ आणि कौशल्याचा झाला, दांडगाई झाली नाही. आणि त्याचं श्रेय त्याने चेंडूच्या लहान आकाराला दिलं. स्मिथ संग्रहालयातला चेंडू पाहिल्यावर त्या पत्राचा अर्थ उलगडतो. इतका चेंडू पायाशी घेऊन चालायला हलका पाय लागतो. स्कॉटलंडचा संघ धावून अंगावर जाण्याऐवजी एकमेकांना चेंडू देत खेळायला लागला, तो १८७२ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्याच्या सुमारास, असं फुटबॉलचे इतिहासकार सांगतात. मी त्याची मुळं इतकी मागे नेणार नाही. पण नोलिसचं पत्र त्यांनी आणखी एकदा वाचावं असं मला वाटतं.

मेरीचा फुटबॉल तिथे संपला, हातातली सुई मात्र पुढची वर्षानुवर्षं चालू राहिली. फेब्रुवारी १५६९ मध्ये निकोलस व्हाइट नावाचा माणूस टटबरीच्या किल्ल्यात तिला भेटला. हवा खराब, बाहेर जाता येत नाही, मग दिवस कसा घालवता, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, दिवसभर सुईकाम करते, रंग वेगवेगळे असतात म्हणून कंटाळा कमी येतो, आणि दुखायला लागलं की थांबते. श्रूजबरीच्या उमरावाची पत्नी बेस ऑफ हार्डविक हिच्या सोबतीने तिने केलेलं भरतकाम आजही आहे. त्यातल्या एका चौकोनात नारिंगी मांजर आणि तिच्यापुढे उंदीर, हे एडिंबरोच्या होलीरूड राजवाड्यात ठेवलेलं असतं. मांजर म्हणजे तांबड्या केसांची एलिझाबेथ आणि उंदीर म्हणजे मेरी, असा अर्थ लावतात. सासूबाई म्हणाल्या, "अर्थ राहू दे गं, टाके बघ. एकही सैल नाही." कैदेतल्या बाईच्या राजकारणावर पोथ्या लिहिल्या गेल्या, तिच्या टाक्यांचा ताण मोजणारं मला त्या दिवशी हे एकच माणूस भेटलं.

सासूबाईंसाठी खरा खजिना मात्र स्टर्लिंगच्या राणीच्या दालनात होता. पाचव्या जेम्सच्या सामानाच्या यादीत एकशिंगी घोड्याच्या गोष्टीच्या भिंतपडद्यांचा उल्लेख आहे. ते पडदे गेले. म्हणून राजवाड्याच्या जीर्णोद्धारात न्यूयॉर्कच्या संग्रहालयात असलेल्या, १५०० च्या आसपासच्या सात पडद्यांवरून नवे विणायचं ठरलं. २००१ च्या सुमारास काम सुरू झालं आणि २०१५ मध्ये शेवटचा पडदा लागला. इंग्लंडमधल्या वेस्ट डीन विणशाळेचे अठरा विणकर, वीस लाख पौंडांचा खर्च, आणि काही पडदे किल्ल्यातल्याच मागावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत विणलेले.

पडद्यापुढे उभं राहिल्यावर सासूबाईंनी पहिली गोष्ट विचारली, "दोन रंग भेटतात तिथे काय केलंय?" येवल्याच्या मागावर पदरातला मोर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते आणि दोन रंगांचे बाणे एकमेकांत अडकवले जातात, म्हणून पैठणीचा पदर उलटा-सुलटा सारखाच दिसतो. युरोपात बऱ्याचदा रंग भेटतात तिथे फट सोडतात आणि नंतर ती सुईने शिवतात. पडदा भिंतीवर, मागची बाजू दिसणार नाही, तर फटीची चिंता नाही. साडी अंगावर, वाऱ्यावर. तिची मागची बाजू सगळ्या गावाला दिसते. दोन्ही एकाच घराण्याच्या विद्या. अशा नव्या पडद्यांना नक्कल म्हणून नाक मुरडणारे मी वाचले आहेत. मला ते मान्य नाही. जुना पडदा काचेआड सांभाळता येतो, पण विणणारा हात माग चालू राहिला तरच राहतो, आणि स्टर्लिंगने चौदा वर्षं पगार देऊन तो हात चालू ठेवला. हे काम किल्ल्याच्या तटबंदीच्या दुरुस्तीइतकंच मोलाचं आहे.

आपल्याकडे हे हिशेब नाहीत असं नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले रुमाल रचून ठेवलेले आहेत. त्यांत मोहिमांचा खर्च आहे तसाच जामदारखान्याचा, कापडाचा, देणग्यांचाही आहे. ते वाचणारे हात कमी आहेत. मोडी येणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे : लढाईच्या कागदांतून सवड मिळाली तर खर्चाचे बंद उघडा. चेंडू, भोवरे, सोंगट्या, पतंग, माग, सुई-दोरा यांवर कुणाला किती दिले, ते नावानिशी उतरवून घ्या आणि कुठल्याही अंकात का होईना, छापा.