गाळा घेताना भाड्याआधी मुदत पाहा

आपले व्यापारी बांधव गाळा किंवा ऑफिस पाहायला जातात तेव्हा पहिला प्रश्न असतो भाडे किती, आणि दुसरा डिपॉझिट किती. मुदतीचा विषय एजंट अगदी शेवटी काढतो, तोही "अकरा महिन्यांचे नेहमीचे अ‍ॅग्रीमेंट आहे" एवढ्या शब्दांत. आमच्या मते नुकसानीचे मूळ इथेच आहे.

समजा, एका जरी कारागिराने १२,००० रुपये भाड्याने गाळा घेतला. वायरिंग, पोटमाळा, लादी यांवर दीड लाख घातले. जाताना हे काही उचलून नेता येत नाही. अकरा महिन्यांनी गाळा सोडावा लागला, तर हा खर्च दरमहा सुमारे १३,६०० रुपये पडतो. म्हणजे खरे भाडे २५,६०० झाले. तोच गाळा तीन वर्षे हाती राहिला तर बोजा दरमहा सुमारे ४,२०० वर येतो. भाव करताना हजार-पाचशेसाठी तासभर घासाघीस करणारा माणूस हा हिशेब मात्र करीत नाही.

अकरा महिन्यांचे खूळ आले कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी अकरा महिने. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट उरलेली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. खर्चाची भीतीही पोकळ आहे. पाच वर्षांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क पाव टक्का. वरील गाळ्याला एक लाख डिपॉझिट धरले आणि भाडे तेच राहिले, तर तीन वर्षांचे शुल्क १,१५५ रुपये होते. नोंदणी फी वेगळी, पण तीही किरकोळ.

तेव्हा तीन किंवा पाच वर्षांची मुदत मागावी. पण नुसती मुदत लिहून भागत नाही. छापील करारात बहुधा एक कलम असते: अमुक महिने 'लॉक-इन', त्या काळात भाडेकरूने गाळा सोडल्यास उरलेले भाडे भरावे. आणि चार ओळी खाली, मालकाला मात्र एक महिन्याच्या नोटिशीवर करार संपविण्याची मुभा! असा पाच वर्षांचा करार आपल्यासाठी एका महिन्याचाच आहे. लॉक-इन मालकावर लांब आणि आपल्यावर लहान असावे, हे सौदा ठरतानाच बोलावे. ज्याने गाळ्यात पैसा घातला त्याला हे मागण्याचा हक्क आहे. मालकाने मुदतीआधी गाळा मागितला तर दुरुस्तीच्या खर्चाचा किती भाग तो परत करील, हेही लिहून घ्यावे.

भाडेवाढ टक्क्यात लिहितात आणि ती लहान वाटते. दरवर्षी दहा टक्के म्हटले की १२,००० चे पाचव्या वर्षी १७,५६९ होतात. पाच टक्क्यांनी १४,५८६.

आणखी एक गोष्ट घरोघरी दुर्लक्षित राहते. लिव्ह अँड लायसन्स ही वापराची परवानगी आहे, ती त्या व्यक्तीपुरती असते. वडिलांच्या नावावर करार आणि कारखाना चालवितात मुलगे, अशा ठिकाणी वडिलांच्या पश्चात अडचण उभी राहते. करारात मुलांचीही नावे घालावीत; भागीदारी असेल तर करार फर्मच्या नावाने करावा.

आता डिपॉझिट. मुंबईत 'हेवी डिपॉझिट'ची रीत आहे: मोठी रक्कम द्या, भाडे माफ किंवा नाममात्र. उलेमांचा आक्षेप सरळ आहे. परत मिळणारी आणि मालकाने वापरलेली रक्कम म्हणजे कर्ज, आणि कर्जाच्या बदल्यात भाड्याची सूट म्हणजे कर्जावरचा लाभ, अर्थात सूद. बाजारभावाने भाडे आणि दोन-चार महिन्यांचे डिपॉझिट, हा मार्ग स्वच्छ आहे, आणि मालक बुडाला तर रक्कमही थोडी अडकते. पागडीबाबत जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ साली ठराव केला होता. मुदत शिल्लक असताना हक्क सोडण्यासाठी भाडेकरूने रक्कम घेणे त्यात जायज ठरविले आहे; मुदत संपल्यावर नाही, कारण तेव्हा जागा मालकाची. म्हणजे इथेही सारे मुदतीवरच येऊन ठेपते. आपल्या सौद्याबाबत जवळच्या मुफ्तींना करार दाखवूनच विचारावे.

जीएसटी नोंदणी असलेल्यांनी एक ध्यानात ठेवावे. १० ऑक्टोबर २०२४ पासून, मालक नोंदणीकृत नसेल तर व्यापारी जागेच्या भाड्यावरील १८ टक्के कर भाडेकरूलाच भरावा लागतो. कंपोझिशनवाल्यांना १६ जानेवारी २०२५ पासून यातून सूट आहे.

डिपॉझिट परत कधी मिळणार, हे करारात "जागा सोडल्यावर" एवढेच लिहू देऊ नये. त्या दोन शब्दांवर मालक सहा महिने फेऱ्या मारायला लावतो. किल्ली आणि डिपॉझिटचा चेक एकाच बैठकीत, एकाच वेळी हातोहात, असे लिहून घ्यावे. आणि गाळा घेतला त्या दिवशीच भिंती, मीटर, शटर यांचे फोटो काढून त्यांच्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.