सोळा ओळींमागे एक ओळ झेंडूची

टोमॅटोला फळ धरलं की अळीची चाहूल लागते. हरभऱ्यात घाटे आणि कापसात बोंडं पोखरते तीच ही अळी. तोंड फळात आणि निम्मं अंग बाहेर ठेवून ती खात राहते. एक फळ पुरतं संपवायच्या आत दुसऱ्याकडे वळते, त्यामुळे एकच अळी बरीच फळं नासवते. भोक पडलेला माल नारायणगावच्या बाजारात क्रेटमध्ये भरता येत नाही. अळी एकदा फळात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचणं अवघड. तिला गाठायचं ते अंड्यात असताना, नाहीतर बाहेर पडल्या पडल्या.

मग ती अंडी आपल्याला हवी तिथेच घालून घेतली तर? बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या कीटकशास्त्रज्ञांनी 1990च्या दशकात याचा माग काढला. मादी पतंग टोमॅटोपेक्षा आफ्रिकन झेंडूकडे जास्त ओढली जाते. त्यावरून शिफारस झाली: टोमॅटोच्या दर 16 ओळींमागे उंच झेंडूची एक ओळ.

खरी मेख आहे ती रोपांच्या वयात. लागणीच्या दिवशी झेंडूचं रोप 40 दिवसांचं हवं आणि टोमॅटोचं 25 दिवसांचं. मादीला कळ्या-फुलं लागतात, म्हणून टोमॅटो फुलावर येईल तेव्हा झेंडूही फुललेला असला पाहिजे. टोमॅटोची लागण आटोपल्यावर उरलेल्या जागेत लावलेला झेंडू उशिरा फुलतो. तोवर अंडी टोमॅटोवर पडून गेलेली असतात.

वेळ साधली की सकाळी झेंडूची ओळ धरून कळीन् कळी पाहायची. अंडं खसखशीच्या दाण्याएवढं, पिवळसर पांढरं, एकेकटं. उबायला आलं की तपकिरी पडतं. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि कळीत घुसते. कळीवर विष्ठेचे बारीक कण दिसले, की ती खुडून अळीसकट नष्ट करायची. हे काम टाळलं तर झेंडू अळीचं माहेरघर होतो आणि पतंगांची पुढची पिढी शेजारच्या टोमॅटोवर उतरते. अळ्या फार असतील तर एचएनपीव्ही हा विषाणू फवारतात, तोही संध्याकाळी, कारण उन्हात तो निकामी होतो. रोग लागलेल्या अळ्या शेंड्याकडे चढतात आणि उलट्या लटकून मरतात.

कोबीत हेच काम मोहरी करते. तिथला शत्रू चौकोनी ठिपक्यांचा पतंग. डीडीटीला तो दाद देत नसल्याचं जावा बेटावर 1953 सालीच नोंदलं गेलं होतं. कोबीच्या दर 25 ओळींना मोहरीच्या दोन ओळी लावतात, पण एकदम नाही. पहिली कोबीच्या 15 दिवस आधी पेरायची आणि दुसरी लागणीनंतर 25 दिवसांनी, म्हणजे पहिली जून झाली तरी पतंगाला कोवळी मोहरी मिळत राहते.

खरिपाच्या टोमॅटोत झेंडूचे दसऱ्याला पैसे होतात, आणि ते का सोडावेत? उमललेली फुलं जरूर तोडावीत. कळ्या मात्र राखाव्यात. दसरा झाला म्हणून झेंडू उपटू नये, टोमॅटोचे तोडे चालू आहेत तोवर तो उभा हवाच. आणि झेंडू आहे म्हणून निर्धास्तही राहू नये. 2014 मध्ये महाराष्ट्रात आढळलेली टुटा ही नागअळी झेंडूकडे वळत नाही. तिच्यासाठी त्याच शेतात कामगंध सापळे वेगळे लावावे लागतात.