विश्लेषण : एका संगणकावरचे सॉफ्टवेअर साऱ्या वर्गाला कसे देता येईल?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आला. ज्यांचा संगणकाशी संबंध मोबाइलपुरताच, अशा कला-वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही गावात फिरून माहिती गोळा करणे आणि ती मांडणे भाग पडले. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. समजा, या भागातल्या एखाद्या महाविद्यालयात विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी करायच्या आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला या विषयाचे महत्त्व सांगायला नको. नोंदींसाठी छोटे सॉफ्टवेअर संगणकशास्त्राचा विद्यार्थी लिहूनही देतो. अडचण पुढे सुरू होते. ते त्याच्या लॅपटॉपवर चालते, उरलेल्या चाळीस जणांकडे नाही. मग झेरॉक्सच्या दुकानातला तयार प्रकल्प असतोच.

प्रत्येक संगणकावर बसवले तर?

प्रयोगशाळेत बसवण्याची परवानगी हवी, पासवर्ड हवा. कुठे विंडोज जुने, कुठे सोबतच्या फाइल नाहीत. हे सगळे जमले तरी तीस संगणकांवर तीस वेगळ्या याद्या तयार होतात आणि एक चूक दुरुस्त करायची तर तीस ठिकाणी पुन्हा फिरावे लागते.

सामायिक फोल्डरमध्ये ठेवले तर?

सर्वाधिक वापरला जाणारा आणि सर्वाधिक फसणारा हाच मार्ग. एक्सेलची फाइल एकाने उघडली की दुसऱ्याला ती फक्त वाचता येते. मग ज्याची त्याची प्रत निघते : ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘अंतिम नवीन’. यातली खरी कोणती, हे सादरीकरणाच्या आदल्या रात्रीपर्यंत ठरत नाही. एसक्यूलाइटसारखा लहान डेटाबेस फोल्डरमध्ये ठेवून अनेकांनी एकाच वेळी लिहिले तर तो बिघडू शकतो, कारण नेटवर्कवरच्या फाइलला कुलूप लावण्याची व्यवस्था भरवशाची नसते.

मग जमते कशाने?

ब्राउझरने. सॉफ्टवेअर आणि डेटाबेस एकाच संगणकावर राहतात, बाकीचे त्याचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून तेच पान उघडतात. बसवायचे काहीच नाही. इंटरनेटही लागत नाही, सगळे एका राउटरला जोडलेले असले की पुरे. मात्र तीन ठिकाणी घोडे अडते. पहिले, सरावात बहुतेक जण सॉफ्टवेअर १२७.०.०.१ या पत्त्यावर चालवतात. या पत्त्याचा अर्थ ‘हाच संगणक’, त्यामुळे बाहेरच्या कोणालाही ते दिसत नाही. ते ०.०.०.० वर चालवले की नेटवर्कवरून येणाऱ्या विनंत्याही स्वीकारल्या जातात. दुसरे, विंडोजची फायरवॉल पहिल्यांदा परवानगी विचारते आणि घाईत ‘रद्द करा’ दाबले जाते. तिसरे, राउटर संगणकाला दरवेळी नवा पत्ता देऊ शकतो. काल चाललेला दुवा आज का उघडत नाही, याचे उत्तर बहुधा येथे असते. राउटरमध्ये त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवावा. काही वायफाय जोडण्यांत एक उपकरण दुसऱ्याशी बोलूच शकत नाही, ती सोय महाविद्यालयाच्या तंत्रज्ञाकडून सैल करून घ्यावी लागते.

विद्यार्थ्यांना काय लागते?

पत्ता पाठ करायला लावू नये. डेस्कटॉपवर मराठी नावाचे चिन्ह आणि भिंतीवर मोबाइलसाठी क्यूआर कोड पुरतो. तालुक्याचे नाव टंकायला सांगितले तर एकच अहमदपूर चार तऱ्हांनी लिहिले जाईल, आणि मग मोजणी कशी जुळणार? लातूर जिल्ह्यात १० तालुके, नांदेडमध्ये १६. यादीच द्यावी. मजकूर युनिकोडमध्येच घ्यावा. कृतिदेवमध्ये टंकलेले मराठी इथे चिकटवले की नुसती अगम्य अक्षरे उरतात. मोबाइलवरून विहिरीचे ठिकाण आपोआप घेण्याचा मोह होतो, पण सुरक्षित जोडणी नसलेल्या पानाला ब्राउझर ठिकाण सांगत नाहीत. गावाचे नाव निवडणेच बरे.

वीज गेली तर?

मराठवाड्यात हा प्रश्न शेवटी विचारून चालत नाही. मुख्य संगणकाला यूपीएस हवाच, आणि रोज संध्याकाळी डेटाबेसची तारीखवार प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. ती उघडते का, हे आठवड्यातून एकदा तरी पाहावे.

आणि माहिती कोणाची?

विहिरीसोबत मालकाचे नाव, मोबाइल क्रमांक, कधी कर्जाचीही नोंद येते. पत्ता ठाऊक असलेला कोणीही पान उघडू शकत असेल तर हे सारे साऱ्या वसतिगृहाला खुले. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण कायद्याआधी गावाने टाकलेल्या विश्वासाचा प्रश्न आहे. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड द्यावा. नोंदीत नावाऐवजी क्रमांक लिहावा, आणि कोणता क्रमांक कोणाचा, ही यादी कागदावर काढून प्राध्यापकांच्या कपाटात ठेवावी.