डेकचा वैरी पाऊस

जी होडी ३१२ दिवस समुद्राचा मार खाऊन सुखरूप परतली, ती संग्रहालयातल्या कोरड्या हवेत मात्र खचू लागली. होडीचे नाव ‘सुहैली’. १९६० च्या दशकात मुंबईत बांधलेली, ३२ फुटांची, सागवानी. बांधणाऱ्या सुतारांच्या हातात वाकस होता आणि दोरीने फिरवायचा सामता होता. मालकांपैकी एक, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा तरुण अधिकारी. १४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून एकटा निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, वाटेत कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा करून तिथेच परतला. त्याआधी हे कुणालाही जमले नव्हते. पुढे ‘सुहैली’ ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात मानाने ठेवली गेली. तिथल्या नियंत्रित हवेत तिच्या फळ्या सुकल्या, आकसल्या. शेवटी २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला संग्रहालयातून काढून पुन्हा पाण्याची वाट दाखवली.

घरच्या अंगणात, शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये होडी बांधण्याचा छंद ब्रिटन, अमेरिका, न्यूझीलंड या देशांत चांगला रुजलेला आहे. आपल्याकडे तो विरळा. पण जो कुणी या वाटेला जाईल त्याने ‘सुहैली’च्या प्रदक्षिणेबरोबर तिचे हे संग्रहालयातले आजारपणही लक्षात ठेवावे. लाकूड झाडापासून तुटले तरी हवेतला ओलावा घेणे आणि सोडणे थांबवत नाही. ओलावा घेतला की ते फुगते, सोडला की आकसते. लांबीत हा फरक नगण्य असतो, रुंदीत मात्र चांगलाच जाणवतो. सागवान त्यातल्या त्यात शांत; तरीही ओलावा १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेला, तर सपाट चिरलेली १० सेंटिमीटर रुंदीची फळी दोनेक मिलिमीटर वाढते. दोन मीटर रुंदीच्या डेकवर अशा वीस फळ्या शेजारीशेजारी बसवल्या, तर एकूण फरक चार सेंटिमीटरवर जातो.

होडीचा तळ सतत पाण्यात असल्यामुळे त्याचा ओलावा बऱ्यापैकी स्थिर राहतो. डेकचे तसे नाही. सकाळी दव, दुपारी चटका देणारे ऊन, संध्याकाळी लाटांचे तुषार, मध्येच पावसाची सर. चोवीस तासांत तो भिजतो, भाजतो आणि पुन्हा भिजतो. होडीतले सगळ्यात अवघड काम हेच, आणि हौशी बांधणारा नेमका याच टप्प्यावर थकलेला असतो. तळ झाला, आकार दिसू लागला, आता ‘वरून झाकले की संपले’ असे त्याला वाटते.

कुजणे वरून सुरू होते

लाकडी होडी समुद्राच्या पाण्याने कुजते, असा सार्वत्रिक समज आहे. लाकूड कुजवणारी बुरशी वाढायला ओलावा लागतो. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर तिचे फारसे चालत नाही. पण खारे पाणी तिला मानवत नाही. म्हणूनच जुन्या जहाजांच्या फासळ्यांमधल्या पोकळ्यांत मीठ भरून ठेवत, आणि डेक धुवायला खलाशी समुद्राचेच पाणी ओढून घेत. समुद्रात लाकूड पोखरणारे किडे आहेत, पण त्यांचा त्रास पाण्याखाली. डेकचा वैरी वरून येतो, आणि तो गोडे पाणी घेऊन येतो. पावसाचे पाणी स्क्रूच्या छिद्रातून, फळीच्या कापलेल्या टोकातून, केबिन आणि डेक यांच्या सांध्यातून आत शिरते. आत ऊन पोचत नाही, वारा पोचत नाही. वर व्हार्निश आरशासारखे चकाकत असते आणि खाली लाकडाचा भुसा झालेला असतो.

होडीच्या डोक्यावरचे छप्पर म्हणजे डेक, असे एकदा मनाशी धरले की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. छपराची पहिली परीक्षा ते दिसते कसे ही नसून गळते की नाही ही असते.

जुनी रीत: फळीला हलू द्या

या अडचणीवर माणसाने दोन उत्तरे शोधली. पहिले शेकडो वर्षांचे. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका पाण्यात उतरली. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया, लाकूड मलबारचे सागवान. ओक लाकडाचा तुटवडा पडल्याने ब्रिटिश नौदल मुंबईकडे वळले होते. ही नौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे तरंगते आहे.

अशा जहाजांवर जाड पण अरुंद फळ्या शेजारीशेजारी ठोकत. फळी जितकी अरुंद, तितकी तिची हालचाल थोडी. लाकूड असे चिरत, की फळीच्या छेदावर वाढीच्या रेषा उभ्या दिसाव्यात. अशी फळी सपाट चिरलेल्या फळीच्या साधारण निम्मीच फुगते. दोन फळ्यांमधली फट वर रुंद, खाली निमुळती ठेवत. तिच्यात जुने दोरखंड पिंजून केलेला काथ बोथट पटाशीने ठोकून भरत आणि वरून गरम डांबर ओतत. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये दोरखंड पिंजण्याचे हे काम तुरुंगातल्या कैद्यांकडून करून घेत. कोकणातले मिस्त्री कापसाची वात आणि राळ-तेल वापरतात. तत्त्व एकच: फळी हलणार हे मान्य करायचे आणि फटीत तिच्याबरोबर दबणारे, सैलावणारे काहीतरी भरायचे.

ही रीत उत्तम आहे, पण तिला सततची राखण लागते. ‘सुहैली’च्या तळाचा सांधा अटलांटिकमध्ये गळू लागला, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांना पाण्यात बुडी मारून फटीत कापूस भरावा लागला आणि तो निसटू नये म्हणून वरून तांब्याची पट्टी ठोकावी लागली. हौशी माणसाला वर्षातून काही आठवडेच होडी वापरायची असते. बाकीचा काळ ती उन्हात सुकत पडते. तिच्यासाठी जाड फळ्यांचा डेक म्हणजे दर मोसमाला नवी गळती.

नवी रीत: पाणी आत येऊच देऊ नका

दुसरे उत्तर प्लाय आणि हार्डनर मिसळून कडक होणारे इपॉक्सी रेझिन यांनी दिले. प्लायमध्ये लाकडाचे पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे एका थराची हालचाल दुसरा रोखतो. घरी होडी बांधण्याला खरे लोकप्रिय केले ते ‘मिरर’ने. ब्रिटनमधल्या ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राच्या पाठिंब्याने, दूरचित्रवाणीवर घरदुरुस्ती शिकवणारे बॅरी बकनेल आणि होड्यांचे आरेखक जॅक होल्ट यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पावणेअकरा फुटांच्या आसपासची होडी आखली. प्लायचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांध्यांवर रेझिन भिजवलेली फायबर ग्लासची पट्टी चढवायची. १९६३ मध्ये संचाची किंमत होती ६३ पौंड ११ शिलिंग. आजवर अशा सत्तर हजारांहून जास्त होड्या झाल्या.

पुढे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील गूजन बंधूंनी इपॉक्सीने लाकूड सर्व बाजूंनी बंद करण्याची पद्धत रूढ केली. फळीला हलू देण्याऐवजी तिच्यापर्यंत ओलावा पोचूच द्यायचा नाही, हा त्यांचा विचार. याच पद्धतीच्या घराण्यातली मोठी होडी आपल्या शेजारी झाली. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात लाकूड, फायबर ग्लास आणि इपॉक्सी यांतून बांधलेली ‘म्हादेई’ २००९ मध्ये नौदलात आली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी ती कुठेही न थांबता केली.

काम नेमके कसे चालते

सुरुवात डेकखालच्या आडव्या बीमपासून. हे बीम सरळ नसतात. मधोमध उंच, कडांना उतरते असतात. या बाकामुळे पाणी वाहून जाते आणि पातळ प्लायलाही ताठपणा येतो. अखंड फळीतून बाकदार बीम कापला तर टोकांपाशी लाकडाच्या रेषा तिरक्या तुटतात आणि तिथेच तो मोडतो. म्हणून पाच-सहा मिलिमीटरच्या पट्ट्या इपॉक्सी लावून, बाकदार साच्यावर शिकंज्यांनी आवळून एकत्र चिकटवायच्या. डोलकाठी, दोर बांधायचे खुंट, कठड्याचे खांब जिथे येणार तिथे बीमच्या मध्ये भरीव लाकूड आधीच बसवायचे. नंतर आठवले तर डेक उचकटावा लागतो.

प्लाय घेताना दुकानदाराच्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नये, शिक्का पाहावा. मरीन प्लायसाठी भारतीय मानक आहे आयएस ७१०. त्याच्या चाचणीत नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. स्वयंपाकघरात सर्रास वापरला जाणारा आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर प्लाय या कामाचा नाही.

आठ बाय चारचा ताव होडीला पुरत नाही, मग दोन ताव जोडावे लागतात. कडा एकावर एक येतील अशा उतरत्या तासायच्या, उतार एकास आठ. म्हणजे नऊ मिलिमीटरच्या प्लायला ७२ मिलिमीटरचा उतार. रंधा मारताना प्लायचे थर गडद-फिकट पट्ट्यांसारखे दिसू लागतात. त्या पट्ट्या सरळ आणि समांतर असतील तर उतार बरोबर. वाकड्या झाल्या तर रंधा कुठे जास्त बसला ते डोळ्यांना लगेच कळते. मोजपट्टीपेक्षा ही खूण खात्रीची.

आता डेकचे आयुष्य ठरवणारे काम. प्लाय बसवण्यापूर्वी त्याची खालची बाजू आणि सगळ्या कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद करायच्या. कड म्हणजे पाणी पिणाऱ्या नळ्यांची उघडी तोंडे; पहिला हात ती शोषून घेते, म्हणून तिथे दोन-तीन हात हवेत. प्लाय एकदा बसला की खालून ब्रश नीट फिरत नाही.

भोकांची रीत तर प्रत्येकाने पाठ करावी. पाच मिलिमीटरचा बोल्ट बसवायचा असेल तर आधी आठ-दहा मिलिमीटरचे भोक पाडायचे, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने पूर्ण भरायचे, कडक झाले की त्याच्या मधोमध पाच मिलिमीटरचे भोक पाडायचे. आता बोल्टच्या चहूबाजूंना इपॉक्सीची नळी तयार झाली. उद्या बोल्टपाशी गळती झाली तरी पाणी लाकडाला शिवणार नाही. केबिनची भिंत डेकला मिळते त्या कोपऱ्यातही असेच घट्ट इपॉक्सी गोलाई देऊन भरायचे आणि वर फायबर ग्लासची पट्टी चढवायची. दक्षिण महासागरात ‘सुहैली’ लाटेने आडवी झाली, तेव्हा तिच्या केबिनच्या कडेनेच तडे गेले होते.

मग संपूर्ण डेकवर चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपासचे फायबर ग्लासचे कापड अंथरून इपॉक्सीने भिजवायचे. वेळ दुपारनंतरची, तापमान उतरत असतानाची धरावी. सकाळी ऊन चढताना लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या इपॉक्सीत बुडबुडे उठवते. संध्याकाळी तेच लाकूड इपॉक्सी आत ओढून घेते. मिश्रण खोल कपात ठेवू नये. साठलेल्या उष्णतेने ते धूर सोडत घट्ट होते. पसरट ट्रेमध्ये ओतावे. हार्डनरचे प्रमाण कंपनीने दिले तेवढेच. ‘लवकर वाळावे’ म्हणून जास्त घालणे ही हमखास फसण्याची वाट. हातमोजे सतत हवेत, कारण इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा सुटत नाही.

दमट हवेत वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने घासून धुवायचा, मग पॉलिश पेपर. उलट केले तर तो थर पृष्ठभागात चोळला जातो आणि रंग धरत नाही. कोकण-गोव्यात हे विशेष लक्षात ठेवावे. पावसाळ्यात लाकूड आणि हवा दोन्ही ओली, तेव्हा इपॉक्सीचे काम काढूच नये.

वरचा साज

इपॉक्सी उन्हात टिकत नाही. अतिनील किरणांनी ते पिवळे पडते, मग पिठासारखे सुटते. म्हणून वर रंग किंवा व्हार्निश हवेच. सर्वांत टिकाऊ आणि स्वस्त म्हणजे फिकट रंग. गडद डेक दुपारी पाय ठेवू देत नाही आणि तापून सांध्यांना ताण देतो. पाय घसरू नये म्हणून ओल्या रंगावर बारीक वाळू भुरभुरतात. दुसरी युक्ती साखरेची: ओल्या रंगावर साखर टाकायची, रंग वाळल्यावर ती पाण्याने विरघळवून धुवायची. उरतो तो खरखरीत, पण गुडघे न सोलणारा पृष्ठभाग.

सागवानी पट्ट्यांचा मोह होतोच. तो पुरवायचा तर पट्ट्या तीन-चार मिलिमीटरच्याच असाव्यात. पातळ पट्टीत फुगण्याची ताकद थोडी असते, इपॉक्सी तिला धरून ठेवते. जाड पट्टी सांधा उखडते. सागवान तेलकट, म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसायचे. स्क्रू मारायचा नाही, कारण एकेक स्क्रू म्हणजे पावसाला एकेक दार.

ब्रह्मी सागाची आज वेगळीच अडचण आहे. म्यानमारमधल्या लष्करी उठावानंतर २०२१ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय संघाने तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले. आपल्याकडे लागवडीचा साग आहे, चंद्रपूर-गडचिरोलीकडचा ‘सीपी टीक’ आहे. तीन मिलिमीटरच्या पट्ट्यांना लाकूड लागतेच किती!

व्हार्निशचे सहा-आठ हात द्यावे लागतात, दोन हातांच्या मध्ये बारीक पॉलिश पेपर. हिवाळ्यात ते दुपारपर्यंत आटोपावे. संध्याकाळचे दव पडले की चकाकी मरते. आणि दरवर्षी एखाद-दुसरा नवा हात लागतोच. ज्याला ही सेवा जमणार नाही त्याने खुशाल रंग द्यावा. डेक तितकाच टिकतो.

घरी केलेल्या डेकला पैसे अपुरे पडतातच. काटकसर करायची तर साजावर करा. प्लायच्या खालच्या बाजूवर, कडांवर आणि भोकांवर करू नका. डेक पूर्ण झाला की बादलीभर पाणी ओतून पाहा आणि खाली शिरून बॅटरीच्या उजेडात प्रत्येक सांधा, प्रत्येक बोल्ट तपासा. ओल दिसली तर त्याच आठवड्यात दुरुस्त करा. पुढच्या पावसाळ्यावर ढकललेली ओल दुरुस्तीत बसत नाही; तिथे नवा डेकच करावा लागतो.