व्यायामशक्ती-परीक्षण व शरीरसौष्ठव : एकच तक्ता सर्वांना कसा चालेल?

केडगाव परिसरातील व्यायामशाळा सकाळ-संध्याकाळ भरलेल्या असतात. पोलीस भरतीची तयारी करणारे, नागापूर औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे आणि शेतातील कामे आटोपून येणारे तरुण भिंतीवरील एकाच तक्त्याप्रमाणे वजने उचलतात. तीन महिन्यांनी कुणाचे दंड भरतात, कुणाचा खांदा धरतो, तर कुणाची भूक व झोप नाहीशी होते. मग हे तरुण वजन वाढविणारे चूर्ण मागण्यासाठी वैद्यांकडे वा औषधालयात येतात. त्यांना चूर्ण देण्यापूर्वी त्यांच्या व्यायामाचा विचार व्हावा, एवढ्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

एकाच व्यायामाचे फळ सर्वांना सारखे मिळत नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५८५ स्त्री-पुरुषांकडून १२ आठवडे एकाच हाताचा एकाच पद्धतीचा व्यायाम करून घेतला गेला. कुणाच्या दंडाच्या स्नायूचा आकार ५९ टक्क्यांनी वाढला, तर कुणाचा मुळीच वाढला नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानातील दशविध परीक्ष्य भावांत प्रकृती, सार, संहनन, सात्म्य व आहारशक्ती यांच्यासोबत व्यायामशक्तीचा स्वतंत्र निर्देश केला आहे. ती प्रत्यक्ष कर्माच्या सामर्थ्यावरून ओळखावी, असा त्यांचा अभिप्राय आहे.

तेथेच त्यांनी आणखी एक इशारा दिला आहे : केवळ आकारावरून बळ ठरवू नये. आपल्या देहापेक्षा मोठा भार वाहणाऱ्या मुंगीचा त्यांचा दृष्टान्त सर्वांच्या परिचयाचा आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळविले, ते ५७ किलो वजनगटात. कृश तरुणाला दुर्बल समजून त्याच्यावर पुष्टीचा मारा करण्यापूर्वी हे उदाहरण आठवावे.

प्रकृती ही सुरुवात, निर्णय नव्हे

वातप्रधान व्यक्तीस व्यायामप्रकार थोडे, गती संथ व मधली विश्रांती दीर्घ असावी, अभ्यंग आवश्यक. पित्तप्रधान व्यक्तीने पहाटेची थंड वेळ निवडावी आणि चढाओढ टाळावी. कफप्रधान व्यक्तीस आवर्तने अधिक व विश्रांती कमी चालते. तथापि ही केवळ पहिली दिशा होय. रात्रपाळी करणाऱ्या कफप्रधान कामगाराची व्यायामशक्ती त्या आठवड्यापुरती अवरही असू शकते. पाश्चात्त्य शास्त्रज्ञ शेल्डन यांनी १९४० साली देहाचे तीन प्रकार मांडले. पण ते बाह्य बांध्यावर आधारलेले असल्याने त्यांची त्रिदोषांशी सरळ सांगड घालणे योग्य नाही.

अर्धशक्तीचा व्यवहार

कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे, मुखशोष आणि तोंडाने श्वास घ्यावा लागणे, ही अर्धशक्तीची लक्षणे आपण जाणतोच. वाग्भटांनी स्निग्धभोजी बलवानांसाठीही ही मर्यादा शीतकाळ व वसंत यांपुरतीच सांगितली असून अन्य ऋतूंत व्यायाम त्याहून कमी करावयास सांगितला आहे. आपल्याकडील एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात याचा विसर पडू नये. पूर्ण थकेपर्यंत वजन उचलल्याशिवाय स्नायू वाढत नाहीत, हा समजही अलीकडील अभ्यासांनी सैल केला आहे. दोन-तीन आवर्तने हातची राखून थांबले तरी वाढ जवळजवळ तितकीच होते.

आम्ही पुढील क्रम सुचवितो :

१. जे वजन १२ वेळा उचलता येते, ते ९ ते १० वेळा उचलून थांबावे. एका स्नायुसमूहास पुन्हा श्रम देण्यापूर्वी किमान ४८ तास जाऊ द्यावेत.

२. पहिले चार आठवडे रुग्णाने वहीत रोजची सकाळची नाडीगती, झोप, भूक, मलप्रवृत्ती व सांध्यांतील वेदना नोंदवाव्यात. वजन आठवड्यातून एकदा पाहावे.

३. अग्नी व निद्रा उत्तम असतील तरच वाढ करावी आणि एका वेळी वजन, आवर्तने वा दिवस यांपैकी एकच बाब बदलावी. म्हणजे काय मानवले व काय बाधले, हे कळते.

४. नाडीगती वाढलेली, झोप मोडलेली व अन्नावर वासना नाही, असे सलग काही दिवस आढळल्यास तो अतियोग समजावा. आठवडाभर व्यायाम निम्मा करावा. छातीत वेदना वा मूर्च्छा असल्यास व्यायाम थांबवून तत्काळ हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

अजीर्ण असता व्यायाम वर्ज्य आहे आणि प्रथिनांचे डबेही अग्नीपुढे लाचार आहेत. प्रतिकिलो वजनास रोज सुमारे १.६ ग्रॅमपेक्षा अधिक प्रथिने घेऊन स्नायुवृद्धीत विशेष भर पडत नाही. डाळी, दूध, अंडी, शेंगदाणे यांतून बहुतेकांची गरज भागविता येते.

औषधालय चालकांस

थोड्या दिवसांत देह फुगविणाऱ्या बेनावी चूर्णाविषयी संशय धरावा. त्यात स्टेरॉईड मिसळलेले असू शकते. घटकद्रव्ये, उत्पादन परवाना क्रमांक व बॅच क्रमांक नसलेले चूर्ण दुकानात ठेवू नये. नॅन्ड्रोलोनमुळे वंध्यत्व व हृदयविकार संभवतात. मेफेन्टरमाइन हे तर शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब सावरण्याचे इंजेक्शन. व्यायामशाळेत जोम येण्यासाठी ते टोचून घेण्याचे प्रकार महाराष्ट्रात उघडकीस आले आहेत. ही औषधे चिठ्ठीविना मागणाऱ्यास नकार देणे हा कायदा आहे. पण त्या तरुणाला जवळच्या वैद्याकडे पाठविणे हे आपले कर्तव्य आहे. तो रिकाम्या हाती परतला, तर ती वस्तू दुसरीकडून मिळवील. त्याच्या हाती त्याच्या शरीराला मानवणारी योजना पडली, तर बहुधा त्याला तिची गरजच भासणार नाही.